संत पॅट्रिकचा शुक्रवार

२ मार्च २०२३, गुरुवार

छापून आलं. त्याच्या नावाने!

अमिरातीतल्या फुजैराच्या या हॉटेलात नऊ वर्षं मी मेनू, आमंत्रणं, पत्रकं आणि साहेबलोकांची भाषणं लिहिते. त्यातल्या एकाखालीही माझं नाव नसतं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, पगार त्याचाच आहे. पण हे वेगळं होतं. हे माझं होतं.

सतरा मार्चच्या सेंट पॅट्रिक डेसाठी गेल्या महिन्यात एक पान लिहिलं होतं. वसईला, गासच्या आमच्या शाळेत सिस्टर अट्रॅक्टा होत्या. आयर्लंडहून आलेल्या, उन्हाने कायम लालबुंद. त्यांच्या देशात या दिवशी छातीवर शॅमरॉकची तीन पानांची डहाळी लावतात. वसईत शॅमरॉक कुठला? सिस्टर सकाळी विहिरीपाशी बसून आंबुशी खुडायच्या, तीही तीन पानांचीच, आणि साठ मुलींच्या गणवेशांना टाचणीने लावायच्या. चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत निम्म्या मुलींनी ती खाऊन टाकलेली असायची. आंबट लागते ना! सिस्टर रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, 'संत पोटात गेला. तिथे सुरक्षित आहे.'

ट्रेसीने ते पान परत केलं होतं. ब्रेंडन ट्रेसी, आमचा फूड अँड बेव्हरेज डायरेक्टर, बोस्टनचा. 'छान आहे, हनी. पण इंडियन नन कोणाला हवीय?' सिस्टर इंडियन नव्हत्या. तिसऱ्या ओळीतच लिहिलं होतं.

आज इथल्या आयरिश मंडळींच्या मासिकात पान सात. त्याचा हसरा फोटो. 'माझ्या आजीचा शॅमरॉक.' आजी गरीब. बोस्टनच्या घरामागे आंबट पानं खुडते. नातवंडांच्या शर्टांना लावते. नातवंडं खातात. आजी म्हणते — तेच!

बोस्टनला मार्चमध्ये बर्फ असतो. आंबुशी कुठून उगवली?

स्वल्पविरामसुद्धा माझे आहेत.

३ मार्च, शुक्रवार

गेले त्याच्या केबिनमध्ये. आवाज चढवला नाही. मासिक टेबलावर ठेवलं, पान सात उघडून.

'इथे तू लिहितेस ते हॉटेलचं असतं. कॉन्ट्रॅक्ट वाच.' वाचलंय. तसंच आहे.

मग खुर्चीत मागे रेलून म्हणतो, 'हे माझ्या रक्तात आहे, कॉन्सेप्टा. तू फक्त ऐकलंस.' याचे पणजोबा बोटीत बसले तेव्हापासून यांच्या घरातल्या कोणी आयर्लंडला पाय लावलेला नाही. त्याने स्वतःच एकदा सांगितलं होतं, वर अभिमानाने.

दाराशी पोचले तर मागून, 'बाय द वे, तुझं रिन्यूअल एकतीसला आहे ना? माझ्याकडेच आलंय.'

हसला. दात फार सरळ आहेत त्याचे.

५ मार्च, रविवार

मिस्सात लक्ष नव्हतं. क्षमेवरचं प्रवचन होतं. आत शिरलं नाही.

७ मार्च, मंगळवार

मीटिंग. हिरवी बिअर, हिरवा केक, हिरव्या टोप्या, दाढीवाले हिरवे बुटके. मी एवढंच म्हटलं, की आयर्लंडमध्ये पूर्वी या दिवशी पब बंद असायचे. लोक मिस्साला जायचे, मग घरी. कॅप्टन हेगार्टींच्या वयाच्या माणसांना ते आठवत असेल.

'माझा सण तू मला शिकवणार?' ट्रेसी म्हणाला. सगळे हसले. एचआरची रंजितासुद्धा! मग त्याला एकदम आठवलं. 'अरे, आज तुमचा रंगांचा सण ना? हॅपी होली!'

'मी ख्रिस्ती आहे, सर.'

'ओह, राइट. पोर्तुगीज!'

'नाही, सर. वसईची.'

'सेम थिंग,' म्हणाला, आणि पुढच्या मुद्द्यावर गेला.

या कार्यक्रमावर त्याचं सगळं लागलंय. कॅप्टन हेगार्टी इथल्या तेलाच्या टर्मिनलचे मुख्य आहेत. अस्सल आयरिश. त्यांच्या कंपनीच्या वर्षभराच्या पार्ट्या आपल्याकडे आल्या, की ट्रेसी जनरल मॅनेजर. कॅप्टनसमोर आला की त्याची चालसुद्धा बदलते. मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखी!

त्याला दुखेल अशी जागा एकच. खऱ्या आयरिश माणसांसमोर.

९ मार्च, गुरुवार

सापडलं.

मेनूचं प्रूफ तपासायला आलं. कॉर्न्ड बीफ आणि कोबी. बीफ स्ट्यू. लॅम्ब पाय. चिकन विंग्ज, हिरव्या सॉसमधले. खाली तारीख: शुक्रवार, १७ मार्च.

घरी येऊन चहा ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. गासहून दर वर्षी चर्चचं कॅलेंडर येतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत प्रत्येक शुक्रवारी त्यावर एक छोटा मासा छापलेला असतो. मांस वर्ज्य, मासे चालतात. सतराच्या चौकोनातही मासा आहे.

उपवासकाळातल्या शुक्रवारी, संताच्या नावाने, मांसाचे चार प्रकार! आणि मासा एकही नाही. हे ज्याच्या रक्तात आहे त्याच्या लक्षात आलं नाही.

एरवी मी लाल पेनाने कडेला लिहिलं असतं. चौतीस वर्षं तेच केलंय, आधी मुंबईत पेपरच्या डेस्कवर, मग दुबईत, मग इथे. दुसऱ्याची चूक त्याची लाज निघण्याआधी पकडायची.

मी 'स्ट्यू'चं स्पेलिंग दुरुस्त केलं. सही केली. मुदतीच्या दोन तास आधी परत पाठवलं.

१० मार्च, शुक्रवार

सिरिल आला होता. बँक्वेटचा सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा. आमच्या शेजारच्या भुईगावचा. त्याच्या मोठ्या बहिणीबरोबर मी शाळेत होते, म्हणून मला बाय म्हणतो.

'काय गो बाय, मेनू बघितलास ना? सतराला शुक्रवार हाय. साहेबाला सांगू काय?'

'तो आयरिश आहे, सिरिल. त्याला माहीत नसेल?'

'नसेल तर?'

'तर तू शिकवणार? मी शिकवायला गेले होते परवा. ऐकलंस ना काय झालं?'

मग म्हणाला, 'पण तू बोललीस तर ऐकतील. तुझं इंग्लिश हाय.'

'सही करून टाक. मी केलीय.'

त्याने केली. माझ्या सहीखाली.

जाताना फोनवर पडद्याचं कापड दाखवलं. एक तारखेला बेव्हर्ली आणि मुलगी येतायत. सात वर्षं एकटा राहिला, आता कुठे फॅमिली व्हिसा झालाय. निळं बरं, की पिवळं? निळं म्हटलं.

१३ मार्च, सोमवार

आज मी खूप छान वागले. ट्रेसीला कॉफी नेऊन दिली. म्हटलं, सर, कार्यक्रमाला जरा अस्सलपणा हवा असेल तर चर्चचा गायकवृंद बोलवू या. वीस जण आहेत, आपली माणसं आणि काही फिलिपिनो. संत पॅट्रिकचं भजन सुरेख म्हणतात. आणि आशीर्वादाला फादर लेस्टर. कॅप्टनच्या मिसेस दर रविवारी चर्चला येतात, त्यांना आवडेल.

'आय लव्ह इट!' मला चक्क मिठी मारली. 'यल्ला, चला, कॉल देम!'

बसण्याचा तक्ता मीच केला. फादर लेस्टर कॅप्टनच्या उजव्या हाताला. ट्रेसी समोर.

इतकं नीट काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

१५ मार्च, बुधवार

सिरिल परत. 'बाय, क्वायर येतंय म्हणे. आपलेच लोक. कोबीसुद्धा बीफच्या पाण्यातच उकडायला सांगितलाय साहेबाने, काय खातील ते? थोडा मासा ठेवतो बाजूला. शेरी मासळी हाय, ताजी. दहा मिनिटांत ग्रिल होते.'

माझं सगळं मुसळ केरात गेलं असतं!

'मेनूवर नसलेलं काढलंस तर ट्रेसी तुलाच खाईल. बायको-पोरगी यायच्या तोंडावर कशाला?'

'तेही खरं.'

घाबरवलं मी त्याला. हे इथे लिहून ठेवते. पण मागे हटणार नाही. दोनच दिवस.

१६ मार्च, गुरुवार

ट्रेसी उद्या माइकवर 'आजीचा शॅमरॉक' वाचणार आहे. मला म्हणतो, थोडं छोटं करून दे. माझंच पान, माझ्याच हातून!

दिलं. आजी मात्र ठसठशीत ठेवली. 'आजीनेच मला आमच्या संताविषयी सगळं शिकवलं,' हे वाक्य नवीन घातलं.

१७ मार्च, शुक्रवार

सगळं लिहून काढते. एकही गोष्ट सुटता कामा नये.

दुपारी तीन. समुद्राकडची गच्ची. लांबवर नांगरलेल्या टँकर्सची रांग. ऐंशी पाहुणे. ट्रेसी हिरव्या कोटात. दारात प्रत्येकाच्या छातीला प्लास्टिकचं पान लावत होता. चार पाकळ्यांचं! कॅप्टनच्या मिसेस, नोरा, हातातल्या पानाकडे बघत राहिल्या. शॅमरॉकला तीनच. संताने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य समजावलं ते त्याच तीन पानांवरून. हे सिस्टरनी आम्हाला पाचवीत सांगितलं होतं. नोरांनी पान पर्समध्ये टाकलं. माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचून मात्र खुलल्या. 'कॉन्सेप्टा! अगं, माझ्या मावशीचं नाव. आमच्याकडे गल्लीगल्लीत एक कॉन्सेप्टा होती.' नऊ वर्षांत या हॉटेलात माझ्या नावावरून कोणाला कोणाची आठवण आली नव्हती.

गायकवृंदाने भजन म्हटलं. कॅप्टन उभे राहिले, डोळे पुसले. मग ट्रेसी माइकवर. आजी, बर्फ नसलेलं अंगण, आंबट पानं. 'आजीनेच मला आमच्या संताविषयी सगळं शिकवलं.' टाळ्या. फादर लेस्टरनी आशीर्वाद दिला. झाकणं उघडली.

कॅप्टनचं ताट भरलं. त्यांच्या माणसांची भरली. गायकवृंद मात्र टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि रिकाम्या ताटांनी परत आला. वीसच्या वीस. कोणी पाव घेतला, कोणी हिरव्या केकचा तुकडा. फादरच्या ताटात एक पाव.

नोरांनी आधी पाहिलं. 'फादर, तुम्ही जेवत का नाही?'

'शुक्रवार आहे, मॅडम.' अगदी हळू. फादर मंगळूरचे, कोणाला अवघडवणारे नाहीत. 'तुम्ही जेवा.'

कॅप्टनचा काटा थांबला. 'आमच्याकडे आज सूट असते. मोठा सण म्हणून. इथे?'

'इथे साधा शुक्रवार आहे, कॅप्टन.'

ट्रेसी पुढे झाला. 'बोस्टनला बिशप परवानगी देतात! नेहमी देतात!'

'हे बोस्टन नाही ना,' नोरा म्हणाल्या. 'या मुलांनी आपल्यासाठी गायचं आणि उपाशी उभं राहायचं?' त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

मग कॅप्टननी. मग त्यांच्या टेबलावरच्या सगळ्यांनी. चिनी मातीच्या ताटांचा टकटक आवाज, एकामागून एक. मी मोजले. चौदा.

आणि मग कॅप्टन. अगदी साधेपणाने, टोमणा मारायचा म्हणूनसुद्धा नाही: 'मिस्टर ट्रेसी, तुमच्या आजीने हे नाही शिकवलं?'

ट्रेसीच्या हिरव्या कोटावर लालभडक मान. मी पंचवीस फुटांवर होते, हातात पाहुण्यांची यादी. पूर्ण वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्याने नजर वर केली तेव्हा मी हसले नाही. गरज नव्हती.

पाऊण तासात सगळे गेले.

१८ मार्च, शनिवार

सकाळी उठल्या उठल्या पुन्हा आठवलं. 'तुमच्या आजीने हे नाही शिकवलं?' चहा पिताना आठवलं. कपडे वाळत घालताना मोठ्याने म्हटलं!

पश्चात्ताप वगैरे काही नाही. शोधून पाहिला.

२० मार्च, सोमवार

केबिन. ट्रेसी, रंजिता, सिरिल, मी.

कॅप्टनच्या कंपनीने कळवलंय, वर्षाचा निर्णय सध्या स्थगित. हेड ऑफिसला खुलासा हवाय. चूक कोणाची.

ट्रेसीने मेनूचं प्रूफ मध्ये ठेवलं. 'खाली दोन सह्या. दोघंही कॅथलिक. दोघांपैकी एकालाही कळलं नाही?'

मी वाक्य तयार करून गेले होते. मेनू तुमचा, सर. सण तुमचा. रक्त तुमचं. तीन दिवस घासून लखलखीत केलेलं वाक्य. त्याने मला घालवलं असतं तरी चाललं असतं, असं मी स्वतःला सांगत होते.

पण सिरिल आधी बोलला. त्याला खोटं बोलता येत नाही. 'मला माहीत होतं, सर.'

'मग सांगितलं का नाहीस?'

सिरिलने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि पायाकडे बघत उभा राहिला.

रंजिता माझ्याकडे वळली. 'मॅडम, तुमच्याशी बोलला होता तो?'

टेबलाच्या कडेला, ट्रेसीच्या कोपराखाली माझी फाइल होती. नाव वाचता येत होतं. मी चोपन्न वर्षांची आहे. या व्हिसावर नऊ वर्षं. गासच्या घरात आता भाऊ-वहिनी राहतात.

म्हटलं, 'मी भाषा तपासते. जेवण नाही.'

आवाज अगदी शांत होता. माझा नेहमीचा.

'खलास,' ट्रेसी म्हणाला.

२१ मार्च, मंगळवार

सिरिलला नोटीस. महिनाअखेर. मागच्या गेटपाशी भेटला. मीच वाट बघत उभी होते.

'तू माझं नाव का नाही घेतलंस?'

'तू घेशील म्हणून थांबलो, बाय.'

चिडून नाही म्हणाला. त्याच्या बसची वेळ झाली होती.

त्याने चार शिव्या घालायला हव्या होत्या. ट्रेसीला नाही, मला.

२३ मार्च, गुरुवार

रमजान सुरू झाला. दिवसाचं जेवण पडद्याआड. काम कमी. विचार करायला फार वेळ आहे.

या सगळ्याला ट्रेसीच कारणीभूत आहे. त्याने पान चोरलं नसतं तर काही झालं नसतं. सही त्याची वर, आमच्या खाली. नोटीस त्याने दिली. मी नाही.

हे तीनदा लिहिलं आणि तीनदा वाचलं. व्याकरणात चूक नाही.

२६ मार्च, रविवार

बेव्हर्लीचा वसईहून फोन. तिला सिरिलने सांगितलंय, की हॉटेलात माणसं कमी करतायत. 'बाय, तू मोठ्या साहेबांशी बोल ना. तुझं ऐकतात, सिरिल नेहमी सांगतो. मुलीचा शाळेतून दाखलासुद्धा काढलाय गो.'

मागून मुलीचा आवाज, 'मम्मा, आस्क आंटी इफ देअर इज अ बीच.'

आहे म्हटलं. बीच आहे.

साहेबांशी बोलेन असंही म्हटलं.

२७ मार्च, सोमवार

रंजिताचा ईमेल. सू शेफ पाहिजे, जाहिरातीचा मजकूर चारपर्यंत.

बाराला लिहायला बसले होते, ते दुसरंच. 'दहा मार्चला सिरिलने मला विचारलं होतं. पंधराला पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा मी त्याला थांबवलं.' पाऊण पान. सरळ, स्वच्छ. खाली माझं पूर्ण नाव. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसले.

अडीचला ते पान मिटलं. जाहिरात लिहिली. तीनला दिली.

३१ मार्च, शुक्रवार

करार आला. दोन वर्षांचा. शिफारस ट्रेसीची, स्वतःच्या हाताने लिहिलेली: 'अडचणीच्या वेळी आपल्या बाजूने उभी राहते.'

सिरिलचं विमान दुपारी गेलं. सही केली.